कोष न फोडता

६ जानेवारी २०२५, सोमवार

परत हलला!

चाळीस मिनिटं मशीन चाललं. कोष सावकाश फिरत होता, एकेका कोनातून एक्स-रे निघत होते, चौदाशे फोटो झाले. कॉम्प्युटरनं ते जोडले. कोषाची भिंत अशी स्वच्छ, की रेशमाचा धागान् धागा मोजावा. आणि आतला प्युपा? नुसता धूर. तेविसावा प्रयत्न.

श्रेया मॅडम म्हणाल्या, "मेघा, तो जिवंत आहे हाच आपला प्रॉब्लेम आहे." आणि हसल्या. मग मीही हसले. दुसरं काय करणार!

अकरा वर्षं सीटी सेंटरला माणसांना सांगितलं — श्वास घ्या, रोखा, सोडा. माणूस ऐकतो. लेकरू ऐकत नाही, पण त्याला झोपवता येतं. हा बोटाच्या पेराएवढा जीव ना ऐकतो ना झोपतो. मेलेला ठेवला तर फोटो सुंदर येतो, ते आम्ही करून बघितलं. पण मॅडमना बघायचंय ते वेगळं. रेशमाची अळी स्वतःभोवती कोष विणते आणि आत तिचा आधी प्युपा आणि मग बारा-चौदा दिवसांत पतंग होतो. ते चालू असताना बघायचं. कोष न फोडता. आणि बघून झाल्यावर पतंग धडधाकट बाहेर आला पाहिजे. नाहीतर आम्ही त्याला बघितलं नाही, मारलं.

७ जानेवारी

चोविसावा. धूर.

१० जानेवारी

इंदूर मिळालं! इंदूर मिळालं!!

मॅडमनी मेल वाचला आणि कॉरिडॉरमध्ये पळत आल्या. प्राध्यापक बाई, पायात चप्पल नाही. बारा ते चौदा फेब्रुवारी, रोज एक दिवसपाळी आमची. तिथल्या सिंक्रोट्रॉन केंद्रात भल्यामोठ्या गोल नळीत इलेक्ट्रॉन पळवतात आणि वळणावर त्यांच्यातून एक्स-रे सुटतात. आमच्या मशीनच्या एक्स-रेपेक्षा इतके प्रखर, की चाळीस मिनिटांचं काम अर्ध्या सेकंदात! अर्ध्या सेकंदात तो हलून हलून किती हलणार?

मी विचारलं, डोस? मॅडमनी वहीत हिशोब करून दाखवला. किरण प्रखर, पण शटर उघडतं अर्धा सेकंदच. शिवाय मधे फिल्टर लावायचा. माझी सवयच ती. अकरा वर्षं छातीवर डोसचा बॅज लावून फिरले, दुसऱ्याच्या अंगात किती गेलं याची काळजी सुटत नाही.

१४ जानेवारी

नामविस्तार दिन. विद्यापीठाच्या गेटवर पाय ठेवायला जागा नाही. पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, चारी बाजूंनी वेगवेगळी गाणी. आई-अण्णा करमाडहून सकाळच्या जीपनं आले, दरवर्षी येतात. आईनं दोन पुस्तकं घेतली, अण्णांनी कॅलेंडर.

मी म्हटलं, चला, माझी मशीनची खोली दाखवते, वॉचमन ओळखीचा आहे.

"नगं," आई म्हणाली. "तुझं मशीन बघून काय करू? मला डॉक्टरसाहेबांचा फोन आलता."

सीटी सेंटरच्या डॉक्टरांनी थेट आईलाच फोन केला! एक मार्चपर्यंत जागा ठेवतो म्हणाले. मेघाबाईसारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही म्हणाले. हे सांगताना तिला अभिमानही वाटत होता आणि रागही येत होता, दोन्ही तोंडावर दिसत होतं.

"आन् तू हितं किड्यांचे फोटू काढती. कामून?"

"आई, तुझेच किडे आहेत ते."

"माझे किडे जालन्याला जातात. त्यांना वाफ बसती, धागा निघतो, बाया साड्या नेसतात. फोटू काढून काय निघतंय?"

अण्णा म्हणाले, पेरू खा. खाल्ला.

मग मीच म्हटलं, बरं, असं करू. इंदूरला एक्स-रे दिलेल्या कोषातून जिवंत पतंग निघाला तर मी इथंच राहणार. नाही निघाला तर एक मार्चला सेंटरवर हजर. आईनं तिथंच, भर गर्दीत, अण्णांचं कॅलेंडर उलगडून एक मार्चला गोल केला. पेन माझंच.

९ फेब्रुवारी, रविवार — करमाड

आज कोष काढायचा दिवस. सकाळपासून शेडमध्ये. अळ्या कोष विणतात त्या चंद्रिकांच्या जाळीत पांढरेशुभ्र कोष, हजारो, जणू कुणी लाह्या उधळल्यात. आईचे हात असे चालतात, की माझ्या हातात दहा होईतो तिची पाटी भरलेली.

इंदूरसाठी बारा कोष तिनं स्वतः निवडले. रागात आहे, पण माल वाईट देणार नाही! एकेक कानाशी धरून हलवते. आत खुळखुळ वाजलं की चांगला. "ह्यो घे. ह्यो बी घे. ह्यो नको, पातळ हाय."

मी सहज विचारलं, "आई, यातून पतंग निघतो तो दिसतो कसा गं?"

हात थांबले तिचे.

"मी कशाला बघितलाय?"

खरंच की! सतरा वर्षं झाली तिच्या शेडला. बारक्या अळ्या विकत आणायच्या, तुतीचा पाला घालून वाढवायच्या, कोष झाले की चार दिवसांत बाजारात. पतंग निघायच्या आत. तिनं कधी बघितलाच नाही. आणि सतरा वर्षांत मलाही हे विचारावंसं वाटलं नव्हतं.

अण्णांनी त्यांचा जेवणाचा डबा रिकामा करून दिला. खाली कापूस, वर बारा कोष. झाकणाला खिळ्यानं भोकं त्यांनीच पाडली.

११ फेब्रुवारी

दिवसभर गाडीत. कन्नडचा घाट, धुळे, सेंधवा, इंदूर. डबा मांडीवर. ड्रायव्हर आपल्याच शहराच्या रोशन गेट भागातला. तासभर आरशातून बघत होता, शेवटी राहवलं नाही त्याला. "बाजी, इत्ता संभाल के क्या पकड़े डब्बे में? अंडे हैं क्या?"

"नहीं भैया. कीड़े हैं. जिंदे."

"या अल्ला! मेरी गाड़ी में नक्को छोड़ो!"

मॅडम इतक्या हसल्या, की चष्मा काढून पुसावा लागला. पुढं मग प्रत्येक गतिरोधकाला तो गाडी बैलगाडीसारखी हळू घ्यायचा आणि विचारायचा, "ठीक हैं ना सब लोगां?"

१२ फेब्रुवारी

बारापैकी सहाच कोषांना एक्स-रे द्यायचे. बाकीचे सहा नुसते सोबत आणलेत. तोच प्रवास, तीच हवा, पण एक्स-रे नाही. नंतर दोघांची तुलना करायची.

मशीनवरचे शास्त्रज्ञ इंद्रजीत. मी म्हटलं, "लई मोठं आहे हो हे!" तर ते गर्रकन वळले. "कुठल्या तुम्ही?" करमाड. "मी सोयगावचा! नऊ वर्षं झाली, इथं कुणी 'लई' म्हणत नाही!" चहा आला, पाठोपाठ पोहे आले.

पण काम? काम बिघडलं. कोष अर्ध्या सेकंदात फिरवायचा म्हणजे झटका बसतो. झटका बसला की आतला प्युपा सुटा असल्यानं लोळतो, आणि वर चिडून वळवळतो. फोटो परत धुरकट. आमच्या मशीनवर चाळीस मिनिटांत जो धूर निघायचा, तो इथं अर्ध्या सेकंदात निघाला!

आणि माझ्याकडून चूक झाली. सहा नंबरच्या कोषाला शटर बंद करायला विसरले. वीस सेकंद उघडं राहिलं. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी गेस्ट हाऊसच्या पायरीवर बसून आईला फोन केला. माझ्या चुकीबद्दल सांगितलं नाही, फक्त म्हटलं, तो आत लई वळवळतो गं.

"मग वळवळणारच की! तू हलवती म्हणून. हात लावला की वळवळतो, हात काढला की जरा वेळानं गप पडतो. हलत्या टेम्पोत बी गप पडतात की, सवय झाली की."

फोन ठेवला आणि आधी हे लिहून घेतलं. हलत्या टेम्पोत बी गप पडतात!

१३ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायचंय.

सकाळी इंद्रजीतना सांगितलं, आपण फिरवतो, थांबवतो, परत फिरवतो, तेच चुकतंय. हळूहळू वेग वाढवू आणि फिरतंच ठेवू. शटर बंद. त्याला फिरण्याची सवय होऊ दे. मग शटर उघडू.

त्यांनी कागदावर वेगाचा हिशोब मांडला. मग म्हणाले, "वेगामुळं तो भिंतीला टेकेल, आणि टेकला की तिथंच राहील. बरोबर आहे." मॅडमनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की अजून दुखतंय.

तीन नंबरचा कोष लावला. आतली हालचाल पकडायला दहा सेकंद स्कॅन करायचं ठरलं, डोस हिशोबात बसावा म्हणून मॅडमनी फिल्टर जाड केला. वेग वाढवत नेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कॅमेऱ्यात त्याची सावली आधी चुळबुळ करत होती, मग शांत झाली. इंद्रजीत म्हणाले, "आता." शटर उघडलं. दहा सेकंद. अर्ध्या सेकंदाला एक, असे वीस स्कॅन. बंद. या वेळी डोळा शटरच्या दिव्यावरून हलवला नाही मी.

कॉम्प्युटरला जोडायला पाऊण तास लागला. मग पडद्यावर तो आला.

धूर नाही! कुठंच धूर नाही!

आधी दिसल्या श्वासाच्या नळ्या. दोन्ही कुशींना, झाडाच्या फांद्यांसारख्या, फांदीतून डहाळी, डहाळीतून काडी. मिटलेले पंख. डोळ्यांच्या जागी दोन गोल. मी माणसांची हजारो फुप्फुसं बघितलीत, पण इतकं नाजूक काम कधी बघितलं नाही. आणि हे सगळं रेशमाच्या बंद डबीत, आम्ही भोकही न पाडता!

मग इंद्रजीतनी वीस स्कॅन एकामागोमाग चालवले, सिनेमासारखे. पाठीखाली एक बारीक नळी. शेपटीकडून आवळली, लाट डोक्याकडं गेली. परत आवळली. परत.

"हृदय," मॅडम म्हणाल्या. एवढंच.

सहा वेळा लाट वर गेली. मग थांबली. मेला का काय? आणि नळी परत आवळली, पण आता डोक्याकडून! लाट उलटी, शेपटीकडं निघाली!

मी ओरडले, "उलटं चाललंय!" मॅडम रडत होत्या आणि हसत होत्या. म्हणाल्या, या जातीचं हृदय असंच दिशा बदलतं, पुस्तकात आहे. पण त्यांनीही आजवर पुस्तकातच वाचलं होतं. इंद्रजीत खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले आणि तिकडं तोंड करून म्हणाले, "लई भारी."

१४ फेब्रुवारी

सहाही झाले. तीन नंबरच्या पोटात बारीक मण्यांच्या माळा दिसल्या. अंडी! म्हणजे मादी. मॅडम म्हणाल्या, अंडी तयार करणाऱ्या केंद्रांत नर-मादी ओळखायला कोष कापून बघतात. इथं न कापता कळलं.

निघताना इंद्रजीतनी डब्यातल्या कोषांना हात जोडले.

१७ फेब्रुवारी

परत आपल्या खोलीत. दोन ट्रे. डावीकडं एक्स-रे घेतलेले सहा, उजवीकडं न घेतलेले सहा. आता काही करायचं नाही, फक्त बसायचं. हेच अवघड आहे.

२० फेब्रुवारी

उजवीकडं दोन पतंग निघाले. डावीकडं काही नाही.

२१ फेब्रुवारी

उजवीकडं सहाच्या सहा. डावीकडं एकही नाही.

मॅडम म्हणाल्या, थांबू. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. माझ्या डोक्यात ते वीस सेकंद. सहा नंबरचं समजू शकते, पण बाकीचे पाच? हिशोब चुकला का? ज्या जिवाचं हृदय बघून आम्ही नाचलो, त्याला आम्हीच —

लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आई आली! न सांगता, दहाच्या सुमाराला, एकटी. हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि ठेचा. म्हणाली, चल, सेंटरला जाऊन डॉक्टरसाहेबांना भेटून येऊ, आठवडाच राहिला. माझं तोंड बघून तिला कळलं, एक्स-रेवाले पतंग नाही निघाले. मी चप्पल घालायला लागले.

श्रेया मॅडम म्हणाल्या, "गीताबाई, इतक्या लांब आलात. एक गोष्ट बघून जा."

आणि त्यांनी तीन नंबरचा सिनेमा लावला.

आई खुर्चीत टेकलीसुद्धा नाही, पिशवी धरून उभीच. मी सांगत गेले, ह्या श्वासाच्या नळ्या, हे पंख, हे हृदय. लाट वर गेली, थांबली, उलटी फिरली. तिनं परत लावायला सांगितलं. परत. चार वेळा बघितलं.

"म्हंजी मी पोत्यात भरते, तवा हे असं चालूच असतंय?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

आई ट्रेपाशी गेली. सवयीनं तीन नंबरचा कोष उचलला, कानाशी नेला, पण हलवला नाही. नुसता धरला. मग म्हणाली, "आगं, हा वला कामून हाय?"

कोषाच्या टोकाला ओला डाग!

मॅडम धावल्या. मी धावले. आईच्या तळहातावर कोष, आम्ही दोघी दोन बाजूंनी वाकलेल्या. डाग पसरला. धागे सैल पडले. मॅडम कुजबुजल्या, पतंग आतून तोंडातलं पाणी लावून रेशीम भिजवतो. मग एक पांढरं डोकं आलं. थांबलं. दोन काळे डोळे. पाय. आणि मग एकदम सगळा पतंग, ओलाचिंब, पंख चुरगळलेले, आईच्या हातावर.

"आगं बया! ही तर पिठात लोळून आल्यावानी दिसती!"

आणि आई हसायला लागली. तिला इतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पतंग तिच्या मनगटावर चढला, तिथंच पंख फडफडवत बसला. उडता येत नाही त्यांना. ती हात हलवेना. एक वाजेपर्यंत हलवला नाही. भाकरी आम्ही तिला भरवली.

सेंटरला गेलो नाही.

२४ फेब्रुवारी

डावीकडचे पाच निघाले, दीड-दोन दिवस उशिरानं पण ठणठणीत. सहा नंबर निघाला नाही. तो माझ्यामुळं गेला. अहवालात तसंच लिहा, मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, लिहिलंय, आणि पाच निघाले ते कुणाच्या युक्तीनं, तेही लिहिलंय.

उजवीकडच्या एका नराशी जोडी लावल्यावर तीन नंबरनं चारशे एकवीस अंडी घातली. अंडी वर्षभर झोपून राहू नयेत म्हणून त्यांना थोडा वेळ आम्लात अंघोळ घालावी लागते, तीही घातली.

१ मार्च

डॉक्टरसाहेबांना मीच फोन केला. ते म्हणाले, "बाई, किड्यांसाठी?" म्हटलं, हो साहेब, किड्यांसाठी. हसले, आशीर्वाद दिला.

६ मार्च

फुटली! सकाळी उन्हं आली तसा अंड्यांचा कागद काळ्या केसांनी भरल्यागत दिसला. बारीक बारीक अळ्या, डोकी वर करून खायला शोधणाऱ्या. मोजल्या, तीनशे अठ्ठ्याण्णव. मॅडमनी इंद्रजीतना फोटो पाठवला. उत्तर आलं, "पेढे सोयगावला पाठवा, आईकडे."

अर्ध्या अळ्या अण्णा डब्यातून करमाडला घेऊन गेले. जीपमध्ये शेजारच्यानं विचारलं असेलच!

१९ मार्च

आईचा रोज फोन. माझी चौकशी नाही, अळ्यांची बातमी. आज तिसरी कात टाकली. "तुझ्या एक्स-रेवाल्या जरा जास्तच खात्यात."

५ एप्रिल

सकाळी आठला आईचा फोन. आवाज असा, की मी घाबरलेच.

"रेशीम कार्यालयात जाऊन आले. पुढच्या खेपेपासून जालन्याला माल नाय. बीजकोषांच्या यादीत नाव घातलं. त्यांचं बियाणं, माझं शेड. ते कोष वाफेत जात नसतात, पतंग काढून अंडी घेत्यात."

"आई! इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक सोडलंस?"

"आन् तिथल्या साहेबांना सांगून आले, नर-मादी बघायला माझे कोष कापायचे नाय. माझी पोरगी न कापता सांगती."

सांगूनच आली!

"किती कोष आई?"

"पैल्या खेपेला चार हजार."

चार हजार!! इंदूरला तीन दिवसांत सहा झाले होते. मॅडमना अजून सांगितलेलं नाही.